रुसवा टाकत नाहीत

आई कळशी घेऊन विहिरीवर गेली आणि दोर खुंटीलाच होता.

मी चुलीपुढं भाकरी उलटत होते. खुंटीवर नजर गेली आणि तव्यावरची भाकरी तशीच सोडून पळाले. भर दुपार, पायात काही नाही. आमच्या कोंडीची, म्हणजे वाडीची, विहीर खालच्या अंगाला, फणसाच्या पलीकडं. आई काठावर उभी होती. कळशी बाजूला आडवी पडलेली. ती खाली पाण्याकडं वाकून बघत होती, जसं खालून कुणी बोलतंय आणि तिला नीट ऐकू येत नाही.

मी हाक मारली नाही. दचकली असती. मागून जाऊन तिच्या पदराचा बोळा मुठीत धरला आणि म्हटलं, "आये, दोर इसरलीस."

तिनं वळून बघितलं. गणपतीपासून ती कुणाशीच बोलत नव्हती. मी पदर सोडला नाही. शेळी आणावी तशी तिला घरी आणली. भाकरीचा कोळसा झाला होता. दुसरी थापली.

आम्ही वाळीत होतो. होतो म्हणते, आहोत अजून, हे सहावं वर्ष चाललंय. पण मी सांगतेय ते दुसऱ्या वर्षातलं. तेव्हा मी पंधराची होते.

झालं होतं एवढंच. माझी मोठी बहीण वृषाली माणगावला कपड्याच्या दुकानात कामाला होती. तिथंच तिनं परजातीतल्या मुलाशी लग्न केलं. गावकी बसली. मुंबई मंडळाची, म्हणजे मुंबईला राहणाऱ्या गावकऱ्यांची, माणसंही रविवार बघून आली. ठरलं की वृषाली ह्या गावाला मेली. बाबांनी मान हलवली, आईनंही हलवली. मग वृषालीला मुलगी झाली आणि आई बारशाला गेली. लपून नाही. हिरवी साडी नेसून, अबोलीचा वळेसर माळून, एसटीच्या थांब्यावर सगळ्यांसमोर उभी राहून गेली. जाऊन पाळणा म्हणून आली.

पाळणा म्हणायला आईसारखी बाई आमच्या भागात नव्हती. कोंडीतलं एकेक पोर तिच्या गाण्यावर पाळण्यात पडलेलं, मीसुद्धा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावअध्यक्ष बाळारामदादा पाष्टे आले. पडवीत चढले नाहीत. अंगणातूनच सांगून गेले की आजपासून ह्या घराशी बोलेल त्याला दंड.

एवढ्यानं काय होतं, असं बाहेरच्याला वाटेल. बोलले नाहीत तर नाहीत. पण गिरणीवर आमचं दळण शेवटी. विहिरीवर सगळ्यांचं भरून झाल्यावर आम्ही. दुकानदार आमच्याकडं न बघता साखर काउंटरवर ठेवायचा, कुत्र्याला ठेवतात तशी, जरा लांब सरकवून. शेजारच्या सुरेखाकाकीचं आणि आमचं कुंपण एक. त्याच्यावरून रोज कालवणाच्या वाट्या जायच्या-यायच्या. ते बंद. काकी कपडे वाळत घालताना आमच्या बाजूला पाठ करायची. तिची पाठ मला तोंडापेक्षा जास्त पाठ झाली होती.

माझी शाळाही त्यातच गेली. शाळा बाजारगावाला, जायला मिनीडोर रिक्षा, आणि मिनीडोरवाला आमच्याच कोंडीतला. त्यानं मला नको म्हटलं नाही, फक्त मी चढले की बाकीच्या पोरी उतरून पुढं दाटीवाटीनं बसायच्या. एकदा वर्गात रुचीनं, म्हणजे माझ्या रुचीनं, पहिलीपासून जिचा डबा मी खाल्ला तिनं, माझा हात लागला म्हणून आपला डबा पुसला. मी पाण्याची बाटली उचलून तिच्या तोंडावर हाणली. दात पडला. मोठ्या बाईंनी बाबांना बोलवायला सांगितलं. मी दप्तर उचललं आणि घरी आले, ती आलेच. आठवी अर्धी राहिली.

आई मात्र बारशामुळं गप्प झाली. सुरेखाकाकीला नातू झाला. गणपतीच्या आधी दोन दिवस बारसं होतं, कुंपणापलीकडं. आम्हाला बोलावणं कुठलं असणार. बायकांनी पाळणा सुरू केला आणि दुसऱ्याच कडव्यात सगळा गोंधळ. चौथ्या दिवसाचं आधी, तिसऱ्याचं नंतर. आई भिंतीला हात लावून उभी होती. तोंड उघडं. ओठ हलत होते, बरोबर ओळ म्हणत होते, पण आवाज नव्हता. त्या दिवसापासून आवाज गेलाच. बाबा तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरनं ताकदीच्या गोळ्या दिल्या. गोळ्या देणाऱ्या सिस्टरनं मला विचारलं, घरात कोण बोलतं का तिच्याशी? मी म्हटलं, मी भांडते. ती म्हणाली, मग भांड, पण घरात आवाज राहू दे.

विहिरीवरून आणल्यावर मला तेच आठवलं. आवाज राहू दे. पण बोलायचं काय? आमच्या घरात बोलण्यासारखं काही घडतच नव्हतं. बोलायला दुसऱ्यांची भांडणं लागतात, लग्नं लागतात. आमच्याकडं त्यातलं काहीच येत नव्हतं.

माझ्याकडं पुस्तकं होती. शाळेतले घाग सर बाजारात भेटले की चिडायचे माझ्यावर. त्यांनीच मुक्त शाळेच्या आठवीच्या परीक्षेला माझं नाव घातलं होतं आणि इतिहासाचं एक जुनं पुस्तक हातात कोंबलं होतं. म्हणाले, भांडायची एवढी हौस आहे तर कोण कसं भांडलं ते तरी वाच. मी ते तांदळाच्या पिंपावर ठेवून दिलं होतं. ते काढलं.

आईला पडवीत बसवलं, पुढं सुपात तांदूळ दिले निवडायला, आणि मोठ्यानं वाचायला लागले. भारतात राष्ट्रवादाचा उदय. मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. इंग्रजांचं राज्य, रेल्वे, वर्तमानपत्रं, शिकलेली माणसं एकमेकांना भेटायला लागली, मुंबईत सभा भरली. वाचता वाचता मी मधेच आपलं घालायचे. "बघ, हे पण मुंबई मंडळ." आई तांदूळ निवडत राहायची. ऐकते की नाही, कळायचं नाही. पण मी थांबले की तिचा हात थांबायचा. ते मी बघून ठेवलं.

विहिरीचं मी त्या रात्रीच बाबांना सांगितलं होतं. बाबा एमआयडीसीत हेल्पर. कंपनीत आमच्या गावचे सातआठ जण, त्यातला एक त्यांच्या लाइनीत. तोही बोलायचा नाही. डबा एकटे खायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तांब्याभर पाणी प्यायले आणि दुसऱ्या दिवशी कामावरून परस्पर बाळारामदादांच्या अंगणात जाऊन उभे राहिले. त्याच्याआधीही दोनतीनदा उभे राहिले होते. हात जोडून. आत कुणी घ्यायचं नाही, मग परत यायचे.

मी म्हटलं, पोलिसात जा. घाग सरांनी सांगितलं होतं की असं वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे. बाबा म्हणाले, कायदा जीपमधून येनार आनि जीपमधूनच जानार. आपल्याला हितंच ऱ्हायाचंय.

पुस्तकात तेव्हा मवाळ आणि जहाल आले होते. मवाळ कोण, तर अर्ज करणारे, विनंती करणारे, सरकार कधीतरी ऐकेल म्हणून वाट बघणारे. मला ते पाठ करावं लागलं नाही. घरात एक होता.

बंगालच्या फाळणीचा भाग आला तेव्हा मी अडकले. डोळा नेहमीप्रमाणं एक ओळ पुढं गेला आणि खाली तो शब्द दिसला. बहिष्कार. एकदा नाही. त्या पानभर तोच. स्वदेशी आणि बहिष्कार, बहिष्काराचं शस्त्र, गावोगाव बहिष्कार. जाड अक्षरात.

आमच्या घरात तो शब्द कुणी काढत नव्हतं. गावकीनं जो कागद मंदिरात लावला होता त्यावर तोच होता, बहिष्कृत कुटुंब. आई जेमतेम चौथी शिकलेली, पण तो कागद तिनं उभं राहून पुरा वाचला होता, बोट ठेवून. आणि इथं पुस्तक सांगत होतं की ते फार चांगलं काम होतं, देशाचं. मला पुस्तक चुलीत घालावंसं वाटलं. पण आईचा हात थांबला होता. मी काही तरी वाचायला हवं होतं, लगेच.

मी वाचलं, "लोकांनी परदेशी मालावर रुसवा टाकला."

हात सुरू झाला नाही.

"शाळा-कॉलेजातल्या मुलांनीही रुसवा टाकला. दुकानांपुढं उभं राहून…"

"रुसवा टाकत नाय."

मला आधी वाटलं सुरेखाकाकी कुंपणापलीकडून बोलली. आवाज असा खरखरीत, गंजलेला, बंद नळाला पाणी येताना येतो तसा. मग बघितलं तर आई माझ्याकडं बघत होती.

"रुसवा धरतात," ती म्हणाली. "टाकतात ते येगळं."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, दोन्ही एकदम. एवढे महिने मी ह्या बाईपुढं नाच नाच नाचले, आणि ती तोंड उघडते ते माझी चूक काढायला. मी म्हटलं, "असंच हाय हितं."

"नीट वाच."

मी नीट वाचलं. बहिष्कार टाकला. सगळीकडं, जिथं जिथं होता तिथं. एकदाही अडखळले नाही, कारण अडखळले असते तर तिनं परत तोंड मिटलं असतं असं मला वाटत होतं. पान संपलं. आईनं सूप खाली ठेवलं.

"कुनाला टाकलं म्हनालीस?"

"कापडाला. परदेशी कापडाला. साखरेला, बांगड्यांना."

"मानसांना नाय?"

"मानसांना नाय. माल घेयाचा नाय एवढंच. कापडाच्या होळ्या केल्या."

तिनं सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला. मग म्हणाली, "मंग ते मोठ्यांला टाकत व्हते. आपल्यापेक्षा मोठ्यांला."

"हो. इंग्रजांना."

"हां," ती म्हणाली. आणि सूप परत मांडीवर घेतलं. त्या दिवशी पुढं एक शब्द नाही.

मी बाबांना सांगणार होते. ते घरात आले ते असं तोंड करून की मला वाटलं त्यांना कळलंच. पहिल्यांदाच त्यांनी चपला अंगणात नीट जोडून काढल्या. म्हणाले, बाळारामदादांनी आत घेतलं. चहा दिला. शिमग्याला वाघजाईची पालखी घरोघर फिरते, तशी ह्या वर्षी आपल्याकडं येणार. आदल्या वर्षी ती आमच्या अंगणावरून गेली होती, ढोल बंद करून, मयत जाताना करतात तशी.

"आनि?" मी विचारलं. कारण चहा फुकट नसतो.

बाबा आईकडं न बघता बोलले. पालखी अंगणाच्या कडेला थांबणार. आईनं उंबऱ्यात उभं राहून सगळ्यांपुढं सांगायचं, वृषाली आमची कोण नाय, ती आमाला मेली. मग पालखी आत, बायका ओटी भरायला आत, सगळं पहिल्यासारखं.

"ती बोलत नाय," मी म्हटलं. मुद्दामच म्हटलं. आई भिंतीकडं तोंड करून कांदा चिरत होती.

"ते मी सांगितलं त्यांना. बाळारामदादा बोलले, मुकी हाय तर मान हलवू दे. चालंल."

मान हलवू दे. मी म्हटलं, तुमी मवाळ हाय बाबा. अर्ज करायचा, हात जोडायचे, चहा पियाचा. मवाळ. त्यांना तो शब्द कुठला माहीत असणार, पण मी तो ज्या तोंडानं म्हटला त्यावरून त्यांना कळला. त्यांनी मला मारलं. त्यांनी मला कधी मारलं नव्हतं. मग तेच खाली बसले आणि आपला हात दुसऱ्या हातात धरून म्हणाले, "मी काय करू, तू सांग. ती इहिरीत गेल्यावर मी बरोबर ऱ्हाऊन काय करू?"

आजही त्यांच्यावर मी चिडते तेव्हा तो हात आठवतो. ते म्हणाले, एक मान हलवायची हाय. सुरेखा येईल, बायका येतील, हिला बोलायला मानसं मिळतील. वृषाली तिकडं सुखात हाय, तिला कळनार पन नाय. आई कांदा चिरत राहिली. फार बारीक चिरला. तेवढा बारीक कांदा कशालाच लागत नाही.

शिमग्यापर्यंतचे दिवस मी खुंटीकडं बघून काढले. आई कळशी उचलायची, मी दोर बघायचे. तो तिच्याबरोबर गेला की श्वास सोडायचे. ती बोलेल म्हणून मी रोज पुस्तक काढायचे, पण ती बोलायची नाही. फक्त तोच धडा काढायला बोट करायची. बाकीचा इतिहास तसाच राहिला. फाळणी, स्वदेशी, बहिष्कार. मला तो तोंडपाठ झाला. मनात मी वेगळंच घोकायचे. हिनं मान हलवली तर माझी बहीण मेली. नाही हलवली तर आई. दोन्ही बाजूंनी मलाच कापायचं होतं.

मी एकदा बाजारातून घाग सरांच्या मोबाइलवरून वृषालीला फोन केला. तिला सांगितलं नाही काही. ती म्हणाली, आये बोलते का गो? मी म्हटलं, तुझ्यावानी बडबडत नाय. तिची पोर मागं काहीतरी बोबडं बोलत होती. वृषाली म्हणाली, "तिला आजीचा पाळना लावून दाखवते रोज. मोबाइलवर घेतलाय बारशाचा." मी फोन कापला.

शिमगा आला. गाव भरलं. मुंबईची पोरं आली, कुणाच्या गळ्यात चेन, कुणाच्या डोळ्याला गॉगल. ढोल-सनईचे खालूबाजावाले आले. पालखी सहाणेवरून, देवीच्या चौथऱ्यावरून, निघाली तेव्हा सकाळचं ऊन कोवळं होतं, आणि आमचं घर कोंडीच्या टोकाला, त्यामुळं आमची पाळी सगळ्यात शेवटी. एकेका अंगणात पालखी नाचवायची, ओटी भरायची, पुढं. सनईचा आवाज जवळ जवळ येत होता.

बाबांनी अंगण सारवून घेतलं. माझ्याकडून नाही, स्वतः. आईनं पहाटेच न्हाऊन तीच हिरवी साडी नेसली होती, बारशाची. बाबांना साडी ओळखू आली की नाही, माहीत नाही. तिनं ताट भरलं. तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू. देवीची ओटी. नारळाची शेंडी नीट विंचरून ठेवली. म्हणजे हलवणार, मी मनात म्हटलं. ओटी भरायची ठरवलीय म्हणजे हलवणार. मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची मला किळस आली.

सुरेखाकाकीच्या अंगणातून पालखी निघाली आणि आमच्या अंगणाच्या कडेला थांबली. ढोल थांबला. खांद्यावर पालखी घेतलेली चार पोरं, त्यातला एक मिनीडोरवाला. मागं सगळं गाव. रुची पण होती, तोंड मिटून. सुरेखाकाकी हातात हळदकुंकवाची वाटी धरून सगळ्यांच्या पुढं उभी होती. पालखी आत आली की पहिली आपण शिरायचं असं तिचं ठरलेलं दिसत होतं. दीड वर्षात पहिल्यांदा मला तिचं तोंड समोरून दिसलं. म्हातारी झाली होती.

आई ताट घेऊन उंबऱ्यात आली. बाबा बाजूला हात जोडून. मी तिच्या मागं, पदर हाताला लागेल एवढ्या अंतरावर.

बाळारामदादा चांगल्या आवाजात बोलले. रागानं नाही. ते कधीच रागानं बोलत नाहीत. "शेवंतीवयनी, देवी दारात हाय. गावानं मोठं मन केलंय. तुमची लेक वृषाली, ती तुमची कोण नाय, तुमाला मेली. हाय का कबूल? बोलता येत नाय तर मान हलवा."

आईनं देवीकडं बघितलं. पालखीत मुखवटा, कपाळभर कुंकू. ती फार वेळ बघत राहिली. मी तिचा पदर धरला. आपण काय करतोय हे मला कळत नव्हतं, पुढं ढकलतोय की मागं ओढतोय.

मग आई बोलली. खरखरीत नाही. पाळण्याच्या आवाजात बोलली, मोकळ्या, की शेवटच्या माणसाला ऐकू गेलं.

"देवीला माजा नमस्कार हाय," ती म्हणाली. "पन तुमाला आमी टाकलंय."

मुंबईचा एक पोरगा हसला, त्याला वाटलं गंमत चाललीय.

"काय बोलता वयनी," बाळारामदादा म्हणाले.

"तुमच्या दुकानाचं नको, गिरनीचं नको. तुमचं बोलनं बी नको. आमी टाकलंय तुमाला. पालकी पुढं न्या."

पुढं काही नव्हतं. आमचं शेवटचं घर, त्याच्या पुढं फक्त रान. पण तिनं तसं म्हटलं आणि ती उंबऱ्याच्या आत आली आणि दार लावलं. दार लावताना मला फटीतून सुरेखाकाकी दिसली. ती वाटीत बघत होती. तिच्या अंगठ्याला कुंकू लागलेलं होतं.

बाहेर बाबांचा आवाज येत होता. ती आजारी हाय, दादा. डोक्यावर परिनाम झालाय तिच्या. थांबा ना, दादा. मग ढोल नाही, नुसते पायांचे आवाज, वळून परत जाणारे, आणि त्यांच्या मागं मागं बाबांचा आवाज, लांब लांब जाणारा. ते दुपार उलटली तरी आले नाहीत.

आत अंधारलं होतं. आई ताट मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती. मी जवळ बसले. मला वाटलं आता ती रडेल, मग उठेल, मग मी झोपेपर्यंत थांबेल. मी ठरवलं होतं, आता झोपायचंच नाही.

ती म्हणाली, "पुस्तक काढ."

"आये…"

"काढ गो. फुडं काय झालं त्यांचं, ते तू वाचलंच नाय."

मी पुस्तक काढलं. दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात धरलं. पान उलटलं. एवढ्या दिवसांत ते पान आम्ही कधी उलटलंच नव्हतं. पकडलं, तुरुंगात टाकलं, मवाळ आणि जहाल एकमेकांत भांडले, सगळं थंड पडल्यासारखं झालं. आणि मग सरकारनं फाळणी रद्द केली.

"कवा?"

"एकोणीसशे अकराला."

"सुरू कवा केलं व्हतं?"

"पाचला."

तिनं बोटांवर मोजलं. अंगठा एकेका बोटावर टेकवत, ओठ हलवत. दोनदा मोजलं.

"सा वर्सं," ती म्हणाली.

"हां."

"आपलं दुसरंच चालू हाय."

तिनं ताटातला नारळ उचलला. देवीचा नारळ. माझ्या तोंडातून नको निघालं, पण तोवर तिनं तो पाट्याच्या कडेवर आपटला होता. पाणी जमिनीवर सांडलं. ती विळी ओढून खोबरं खवायला बसली, ओठ मिटून, जोरात, सगळा राग त्या खोबऱ्यावर काढत. थोडं झालं तसं तिनं हंड्यात वाकून बघितलं.

"कालवनाला पानी नाय," ती म्हणाली आणि कळशी उचलून दार उघडून गेली.

मी पुस्तक हातात घेऊन तशीच बसले. मग खुंटीकडं बघितलं.

खुंटी रिकामी होती.